हजेरीपटावरची सही

(नवी मुंबईत झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा, छपाईसाठी थोडा आवरलेला मजकूर)

मागच्या पाचसहा रांगांत कॉलेजने पाठवलं म्हणून येऊन बसलेल्या छात्राध्यापक मुलामुलींनो,

‘कॉलेजने पाठवलं म्हणून’ हे मी उगीच म्हणत नाही. आत येताना दाराशी टेबलावर एक वही दिसली. कॉलेजवार यादी, नावापुढे सही, सही झाली की आत. मी पिशवी सावरायच्या निमित्ताने जरा रेंगाळले, तेवढ्यात एका मुलीने सही केली. मग तिने पर्समधून दुसरं पेन काढलं, हाताचं वळण बदललं आणि खाली आणखी एक सही केली. मैत्रिणीची असणार. बाळ, तू इथेच कुठेतरी बसली आहेस. घाबरू नकोस, मी तुझा चेहरा नीट पाहिलेला नाही, आणि पाहिला असता तरी बोट दाखवलं नसतं. उलट मला तुझे आभारच मानायचे आहेत. घरून मी बरीच पानं लिहून आणली होती आणि त्यांतली पहिली तीन उपनिषदांपासून सुरू होत होती. ती तुझ्यामुळे बाजूला ठेवली. सभागृहाची वीस मिनिटं वाचली.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना मी कधी भेटले नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांना मात्र भेटले. त्यांतल्या एकाने सांगितलं की गुरुजींना शाळेत यायला उशीर झाला तर ते हजेरीपटात सहीशेजारी वेळ लिहायचे. खरी वेळ. नऊ वाजून दहा मिनिटं. मुख्याध्यापक म्हणायचे, ‘अहो, कशाला लिहिता?’ गुरुजी म्हणायचे, ‘उशीर झालाय म्हणून.’ एवढंच.

आजचा विषय आहे भावी शिक्षकांच्या घडणीत मूल्यांचं आणि नीतीचं स्थान. मी बोलणार आहे ते सहीबद्दल.

डी.एड., बी.एड. झालेल्यांना पाठटाचणाचा कागद आठवत असेल. घटक, उपघटक, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शैक्षणिक साधनं, आणि कुठेतरी एक रकाना: गाभाघटक, मूल्य. आपल्याकडे मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं ठरलेली आहेत. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रीय एकात्मता, राष्ट्रभक्ती. पाहा, अजून पाठ आहेत. तीस वर्षांत हजारो पाठटाचणं तपासली. ‘वक्तशीरपणा’ लिहिलेला पाठ हार्बर लाइनच्या कृपेने पंधरा मिनिटं उशिरा सुरू झालेला पाहिला. ‘श्रमप्रतिष्ठा’ लिहिलेल्या पाठानंतर कार्डशीटचे तुकडे वर्गभर तसेच टाकून सगळा गट चहाला गेलेला पाहिला, आणि ते तुकडे वेचणाऱ्या मावशींनाही. तरी रकाना भरलेला. मीही बरोबरची खूण केलेली.

मूल्यांना रकाना मिळाला की मूल्यांचं काम संपलं, असं होतं का? माझ्या अनुभवात तरी झालं. रकाना भरायला पाच सेकंद लागतात. आणि तो भरायचीही गरज पडू नये अशी सोय कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने केलेली असते. मागच्या वर्षीच्या जर्नल त्याच्याकडे विषयवार लावून ठेवलेल्या असतात. मराठी वेगळी, इतिहास वेगळा, कृतिसंशोधनाचा अहवाल थोडा महाग. मुलं उतरवून काढतात. काही जण तर दुसऱ्याकडून उतरवून घेतात, त्याचा पानामागे दर असतो. हे आम्हा प्राध्यापकांना माहीत नसतं? अहो, एकच शुद्धलेखनाची चूक सलग चार वर्षांच्या जर्नलांमध्ये मी तपासली आहे. ती चूक आता मला नातेवाईकासारखी वाटते.

आणि तरी आम्ही सही करतो.

माझ्या एका सहीबद्दल सांगते. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि आंतरवासिता लांबली. आठवडेच्या आठवडे छात्राध्यापकाने शाळेत राहायचं, वर्ग घ्यायचे, परिपाठ पाहायचा, शिक्षकांच्या खोलीत बसून शाळा आतून समजून घ्यायची. कल्पना उत्तम. माझी एक विद्यार्थिनी त्या काळात महापेला एका कंपनीत नोकरी करत होती. वडील गेलेले, घर तिच्या पगारावर. ओळखीच्या शाळेतून तिने पूर्ण उपस्थितीचं प्रमाणपत्र आणलं, शिक्क्यासकट. ती त्या शाळेत चारसहा दिवसांपेक्षा जास्त गेली नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. मी सही केली. कारणं माझ्यापाशी भरपूर होती. तिची परिस्थिती, कॉलेजचा शंभर टक्के निकाल, नियमच असा की नोकरी करणाऱ्याला वाटच ठेवत नाही. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. खोटी होती ती फक्त सही.

त्या काळात मी ‘शिक्षकाची व्यावसायिक नीती’ हा घटक शिकवत होते. तिला त्या घटकात चांगले गुण मिळाले.

म्हणून माझं आजचं म्हणणं, जे काही आहे ते, एवढंच आहे: शिक्षक होऊ घातलेल्या माणसाला नीतीचा पाठ त्याचं कॉलेज त्याच्याशी कसं वागतं त्यातून मिळतो. पेपर कुठलाही असो. खोटी हजेरी मांडणारं कॉलेज नीतिशास्त्र शिकवत नाही असं समजू नका. फार परिणामकारकपणे शिकवतं. प्रात्यक्षिकासह.

आणि तो पाठ विसरला जात नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस विशेष पटपडताळणी झाली होती, आठवतं? एकाच मुलाला दोन शाळांत दाखवू नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली, मतदाराला लावतात तशी. मोठ्यांनी पटावर खोटी नावं लिहिली, शाई लागली मुलांच्या बोटांना. पटाच्या निम्मीही मुलं हजर नाहीत अशा शाळा निघाल्या त्या चौदाशेच्या आसपास. ती नावं कोणी लिहिली? संस्थाचालकाने लिहायला लावली, हे मान्य. पण लिहिणारा हात प्रशिक्षित शिक्षकाचा होता. त्याने ‘सत्य’ या मूल्यावर कधीतरी निबंध लिहिलेला होता.

पुढे शिक्षक पात्रता परीक्षेतल्या गैरव्यवहाराचं प्रकरण. २०२१च्या डिसेंबरात पुण्याच्या सायबर पोलिसांनी ते उघडं केलं आणि पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून जास्त उमेदवार अपात्र ठरवले गेले. परीक्षेचं नावच ‘पात्रता’. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही ही परीक्षा बंधनकारक केली, तेव्हापासून शिक्षकांच्या खोल्यांमध्ये दुसरा विषय नाही. पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला आता परीक्षेला बसा म्हणणं मलाही कठोर वाटतं. पण परीक्षेवरचा समाजाचा विश्वास आपल्याच धंद्यात विकला गेला होता, हे आपण त्या चर्चेत सोयीने गाळतो. भरतीसाठी जे संकेतस्थळ सरकारने काढलं त्याचं नाव ‘पवित्र’. नाव ठेवणाऱ्याला बहुधा आधीच्या पद्धतीबद्दल सगळं माहीत असावं.

आणि प्रशिक्षण संस्था? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला, तो साऱ्या देशाच्या शिक्षक-शिक्षणाबद्दल होता. पण त्याच्या मुळाशी भांडण होतं ते आपल्या महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांचं. तपासणीत त्यांतल्या बहुतेक अपात्र ठरल्या. म्हणजे शिक्षक घडवणारेच परीक्षेत नापास.

नेहमी असंच होतं का? नव्हतं, असं म्हणून मी तुम्हाला सुवर्णकाळात नेणार नाही. पण दोनचार माणसं अशी होऊन गेली ज्यांनी शिक्षक घडवताना मूल्यांचा रकाना न करता मूल्यांचं काम केलं. त्यांचं पाहू.

मुंबईत सरकारने शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल वर्ग काढला तो १८४५ साली, आणि सोपवला बाळशास्त्री जांभेकरांवर. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, शिक्षकांचे शिक्षक म्हणून फारसं नाही. त्याच सुमारास श्रीपत शेषाद्री या मुलाचं प्रकरण गाजलं. मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या त्या मुलाला परत धर्मात घ्यावं म्हणून बाळशास्त्री उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. नॉर्मल वर्गातल्या मुलांना हे दिसत असणार. आपले मास्तर गावाच्या शिव्या खाताहेत, तरी मागे हटत नाहीत. हा घटक कुठल्या पेपरात बसवाल? १८४६ साली बाळशास्त्री गेले, ऐन तरुणपणी. तो वर्ग त्यांच्या हाती फार दिवस राहिला नाही.

सावित्रीबाईंवर शेण फेकलं गेलं ही गोष्ट बालिकादिनाच्या प्रत्येक भाषणात येते. त्या रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका होत्या, हे कमी येतं. नगरला मिस फॅरारबाईंच्या संस्थेत आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं. आणि १८६८ साली घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो सावित्रीबाई आणि जोतीराव या दोघांनी मिळून. मला शेणापेक्षा हौद मोठा वाटतो. शेण सोसण्याला धैर्य लागतं, खरंच लागतं. पण हौद ही रोजची व्यवस्था आहे. सकाळी उठून, कंटाळा आला तरी, पाहुणे रुसले तरी, तो उघडाच ठेवावा लागतो.

साताऱ्याला भाऊराव पाटलांनी हेच केलं. रयत शिक्षण संस्था १९१९ची. पुढे साताऱ्यात वसतिगृह, त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने त्या पंगतीत गेले. खेडोपाडी शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ साली सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज. कमवा आणि शिका हे तिथे घोषवाक्य नव्हतं, वेळापत्रक होतं. ज्याने सकाळी खडी फोडली आहे त्याला दुपारी ‘श्रमप्रतिष्ठा’ रकान्यात लिहावी लागत नाही. आपल्या वाशीतही रयतची शाळा आहे, कर्मवीरांच्या नावाचं कॉलेज आहे. तिथून पामबीच रोडवर गाड्या हाकत आलेल्या मुलांना खडी फोडायला लावा असं मी म्हणत नाही. पण वर्ग झाडायला? कार्डशीटचे तुकडे वेचायला?

आता मला जिथे थांबायचं आहे तिथे आले.

नवी मुंबईत शिक्षक व्हायचं म्हणजे काय, हे इथल्या कॉलेजांच्या अभ्यासक्रमात कुठेच नाही. हे शहर १९७० साली सिडको स्थापन होऊन उभं राहिलं ते पंचाण्णव गावांच्या जमिनीवर. आगरी, कोळी, कराडी माणसांची भातशेती, मिठागरं, खाडी. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानला त्या जमिनीच्या भावासाठी पाच माणसं गोळीबारात गेली. आज आपण बोलताना ‘गावातली मुलं’ आणि ‘सेक्टरमधली मुलं’ असे दोन शब्द सहज वापरतो. तिसरा शब्द वापरतच नाही, कारण तुर्भ्या-दिघ्याच्या झोपडपट्टीतली, दगडखाणींवरच्या पालांमधली मुलं आपल्या बोलण्यात येतच नाहीत. शिक्षक म्हणून मात्र ही तिन्ही मुलं तुमच्या बाकांवर येणार आहेत. महापालिकेच्या शाळेत नोकरी लागली तर बहुधा पहिली आणि तिसरीच.

सरावपाठ चालू होते. चौथीचा वर्ग, गावठाणालगतची शाळा. छात्राध्यापिका त्याच पट्ट्यातल्या एका गावची, आगरी घरातली, हुशार. परिसर अभ्यासाचा पाठ, विषय पाण्याचा. मधेच एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘बाई, पानी पिऊन येऊ?’ ती म्हणाली, ‘पानी नाही, पाणी. शुद्ध बोल. मग जा.’ मुलगा परत म्हणाला, ‘पानी.’ वर्ग हसला. तिने पुन्हा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदाही त्याच्या जिभेवर ण काही आला नाही. तो बसला. पाणी प्यायला गेलाच नाही. पाठ पाण्यावर होता, हे तुम्हाला मुद्दाम सांगायला नको.

पाठ संपल्यावर आमची चर्चा असते. फळ्यावरचं अक्षर, प्रश्नांचं वितरण, साधनांचा वापर, सगळं झालं. मी विचारलं, ‘तुझी आजी पाण्याला काय म्हणते?’

ती हसली. मग गप्प झाली. मग म्हणाली, ‘मॅडम, मलापण असंच म्हणून घेतलं होतं. चौथीतच.’

मी तिला गुण कापले का? नाही. पाठाच्या गुणदानतक्त्यात त्यासाठी जागाच नाही. ‘शुद्ध भाषेचा वापर’ याला मात्र आहे. तक्त्यानुसार तिला पैकीच्या पैकी मिळायला हवे होते. अहो, शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. ते कलम आमच्या मुलांना तोंडपाठ असतं. छडी कोणी उगारत नाही हल्ली. पण तीनदा ‘पाणी’ म्हणून घेणं हे त्या कलमात बसतं असं त्या वर्गात कोणालाच वाटलं नाही. तिला नाही, मुलांना नाही, मागे बसून निरीक्षण लिहिणाऱ्या मलाही पहिली दोनतीन मिनिटं नाही.

शिक्षकाची नीती असते ती या दोनतीन मिनिटांत. लाच घेऊ नये, पेपर फोडू नये, हे चोरालाही कळतं. त्यासाठी प्रशिक्षण नको, पोलीस हवेत. प्रशिक्षण हवं ते इथे. कोणाचा उच्चार दुरुस्त करायचा आणि कोणाचा ऐकून घ्यायचा. कोणाला पुढच्या बाकावर बसवायचं. आंघोळ न करता आलेल्या मुलाजवळ किती अंतरावर उभं राहायचं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला १९४५ साली गेल्या, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता, आपल्यापेक्षा शंभरपट कठीण. ताराबाई भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या, माँटेसरी पद्धतीतल्या मुरलेल्या बाई. साधनं, पद्धती, सगळं त्यांच्याकडे होतं. मुलं येईनात. मग वस्तीत जाऊन अंगणातच बालवाडी भरवली. ‘अंगणवाडी’ हा जो शब्द आज साऱ्या देशात सरकारी झाला आहे, तो या खटाटोपातून आला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जायची. शाळेत येत नाहीत म्हणून पटावर गैरहजेरी मांडून गप्प बसता आलं असतं. त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलं शिकताहेत.

आता या गोष्टीत मूल्य कोणतं, सांगा बरं. दहांपैकी कुठल्या रकान्यात लिहाल? संवेदनशीलता? मला तर त्यात आधी साधी प्रामाणिक हजेरी दिसते. मूल नाही, तर नाही म्हणायचं, आणि मग उठून ते कुठे आहे ते पाहायला जायचं. कोसबाड इथून लांब नाही. परवापरवापर्यंत तो आपल्याच ठाणे जिल्ह्याचा भाग होता, आता पालघरचा. सहली आम्ही न्यायचो त्या महाबळेश्वरला.

(एक जरा बाजूचं सांगते. कार्यक्रमपत्रिका पाहून बरेच जण साने गुरुजींची वाट पाहत असतील. अमळनेरला प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते, छात्रालयात मुलांच्या अंथरुणांच्या घड्या घालायचे, वगैरे. आपण गुरुजींना रडवून रडवून मऊ करून टाकलं आहे. १९३० साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि लढ्यात उतरले. १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले. स्नेहसंमेलनात ‘श्यामची आई’ बसवणाऱ्या किती कॉलेजांनी पंढरपूर बसवलं? असो.)

सही झाली, वर्गातली ती दोनतीन मिनिटं झाली, आता तिसरी गोष्ट पैशाची. मूल्यांच्या व्याख्यानात पैशाचं बोलू नये असा एक संकेत आहे. तो मोडते, कारण तो मोडणारा पहिला माणूस फार मोठा होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवा, हे तर म्हटलंच. शिवाय नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरायला लाजणार नाही असा हवा, म्हटलं. आणि त्याला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावी पंधरा-वीस, असा आकडाच दिला. नांगर आणि पगार एकाच दमात. आपल्याकडे काय झालं? नांगराचा उपदेश ठेवला, पगार गाळला. २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाला मानधन होतं महिना तीन हजार. पुढे सहा हजारांवर बरीच वर्षं अडकलं, आणि १ जानेवारी २०२३ पासून सोळा हजार झालं. सहा हजारांत कोपरखैरण्याला एक खोली भाड्याने मिळाली असती का हो? अशा माणसाला आपण सांगत होतो, खासगी शिकवण्या घेऊ नकोस, शिक्षण हक्क कायद्याचं अठ्ठाविसावं कलम आहे.

पण थांबा. पगार वाढला की नीती येते, असंही नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं महिना पंचाहत्तर रुपयांवर शिकवायचं असा बेत होता. या मंडळींचं भांडण कशावरून झालं? टिळकांचं म्हणणं, सदस्याने आपला सगळा वेळ आणि सगळी कमाई संस्थेला द्यावी, बाहेरची कामं घेऊ नयेत. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद स्वीकारलं आणि वाद पेटला. १८९०च्या अखेरीस टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. कोण बरोबर होतं? विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न दरवर्षी घालायची आणि दरवर्षी वर्ग दोन बाजूंना फुटायचा. कोणी म्हणे, गोखले देशाचंच काम करत होते. कोणी म्हणे, टिळकांकडेही ‘केसरी’ होताच की. एकदा एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, आपल्या कॉलेजातले सर क्लासमध्ये शिकवतात ते यात बसतं का?’ तास संपल्याची घंटा त्या दिवशी फार वेळेवर झाली.

नीती शिकवायची तर अशी भांडणं वर्गात आणावी लागतील. जिथे दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत आणि उत्तर मार्गदर्शकात नाही.

चौथा मुद्दा मी टिपणात ‘नाही म्हणण्याचं धैर्य’ असा लिहिला आहे. त्यावर फार बोलण्याचा मला अधिकार नाही. का, ते सांगते आणि संपवते.

ती महापेची विद्यार्थिनी आता शिक्षिका आहे. गाव, शाळा सांगत नाही. चांगली शिकवते, असं ऐकलं आहे, आणि माझा त्यावर विश्वास आहे. गेल्या वर्षी तिचा फोन आला. शाळेत पोषण आहाराची रोजची संख्या भरायचं काम तिच्याकडे दिलं होतं. वर्गात मुलं अठ्ठावीस, वरून सांगणं असं की चाळीस भर. बाकीचे सगळे भरतात. तिने दोन दिवस खरा आकडा भरला, तिसऱ्या दिवशी तिला खोलीत बोलावून घेतलं. ‘मॅडम, काय करू?’

मी लगेच म्हटलं, ‘भरू नकोस.’ तीस वर्षांची सवय, उत्तर जिभेवरच होतं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘पण मॅडम, तुम्ही माझी सही केली होतीत ना.’

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. तिला खरोखर विचारायचं होतं, की तेव्हा ते चाललं तर आता का नाही, फरक काय. मी परिस्थितीबद्दल काहीतरी बोलले. नोकरीतला खोटेपणा आणि शिक्षणातला खोटेपणा असंही काही बोलले असेन. तिने सगळं ऐकून घेतलं, माझी तब्येत विचारली आणि फोन ठेवला. पुढे तिने काय केलं ते तिने कळवलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे, अध्यक्षांची परवानगी असेल तर पहिले प्रश्न मागच्या रांगांमधून येऊ द्या. दाराशी ती वही अजून तशीच आहे. संयोजकांशी मी बोलले आहे, आजची हजेरी कुठल्याच कॉलेजकडे जाणार नाही. ज्यांना पनवेल गाडी गाठायची आहे त्यांनी निघायला हरकत नाही.